शिकत गेले आणि वॉर्ड सुटला

२०११ चा ऑक्टोबर, दसरा नुकताच झाला होता. एसएनसीयूमधली माझी ती दुसरीच नाइट. त्याआधी तीन वर्षं मी फिमेल मेडिकलला होते, मग एक दिवस ऑर्डर निघाली की उद्यापासून एसएनसीयूत, म्हणजे नवजात बाळांच्या कक्षात, जायचं, आणि मी गेले. ट्रेनिंग नंतर होईल असं सांगितलं होतं. संध्याकाळच्या सिस्टरनी हँडओव्हर देताना सात बाळं दाखवली, वॉर्मरचा, म्हणजे बाळाला ऊब देणाऱ्या खाटेचा, प्रोब कुठे चिकटवायचा ते दाखवलं, आणि चौथ्या वॉर्मरजवळ थांबून म्हणाल्या, "हिच्याकडे नीट लक्ष ठेव गं, अकराशे ग्रॅमची आहे."

माझ्या दोन तळव्यांत मावेल एवढी होती ती. कातडी इतकी पातळ की पोटावरच्या निळ्या शिरा मोजता येतील. आई ऊसतोडीची, दिवस भरायला दोन महिन्यांहून जास्त अवकाश होता तेव्हाच बाळंत झालेली. बाळाच्या नाकाला ऑक्सिजनच्या बारीक नळ्या लावलेल्या आणि पायाला सॅच्युरेशनचा, म्हणजे रक्तातला ऑक्सिजन मोजणारा, प्रोब. मॉनिटरवर आकडा होता ९२.

मी मेडिकल वॉर्डातून आलेली. तिथे दम्याचा पेशंट ९२ ला आला की आम्ही ऑक्सिजन वाढवायचो, डॉक्टरांना कळवायचो, धावपळ व्हायची. माझ्या डोक्यात ९२ म्हणजे कमी, एवढंच. मी फ्लोमीटरचा नॉब फिरवला. ९४ झालं, ९६ झालं. अजून थोडा फिरवला. ९९ दिसलं तेव्हा माझा जीव भांड्यात पडला, नर्सेस नोटमध्ये मी अक्षर चांगलं काढून "सॅच्युरेशन वेल मेंटेन्ड" असं लिहिलं, आणि पहाटेपर्यंत दर अर्ध्या तासाने येऊन ते ९९ बघून जात राहिले. त्या रात्री आपण चांगलं काम केलं असं मला मनापासून वाटलं होतं, म्हणून ही गोष्ट मी आधी सांगतेय.

महिन्याभराने ती बाळ घरी गेली. आजी न्यायला आली होती, जाताना माझ्या तोंडावरून हात फिरवून बोटं मोडली, "लेकरू वाचिवलं बाई तुमी." डिस्चार्ज कार्डावर डोळे तपासायची तारीख लिहिली होती, पण ती तपासणी शहरात जाऊन करायची होती, आणि ह्यांची टोळी आधीच पुढे निघून गेलेली, मुकादमाकडून उचल घेतलेली, कोयता थांबणार नव्हता. ती बाळंतीण बाळाला घेऊन साखर कारखान्याच्या बाजूला निघून गेली. तो फोन नंबर नंतर कधीच लागला नाही.

मग २०१४. मी नर्सिंगच्या पदवीच्या, पोस्ट बेसिक बीएस्सीच्या पहिल्या वर्षाला, चाइल्ड हेल्थचा तास. मॅडमनी फळ्यावर एक वर्तुळ काढलं, ते डोळ्याचा पडदा, मधे एक ठिपका काढला आणि तिथून बाहेर जाणाऱ्या रक्तवाहिन्या काढल्या. म्हणाल्या, बाळ पोटात असताना ह्या वाहिन्या हळूहळू कडेपर्यंत पोचतात, पूर्ण दिवस भरेपर्यंत हे काम चालू असतं, म्हणून जे बाळ दहा आठवडे आधी आलं त्याचं हे काम अर्धवट राहिलेलं असतं. अशा बाळाला गरजेपेक्षा जास्त ऑक्सिजन दिला की वाहिन्यांची वाढ आधी थांबते आणि नंतर त्या वेड्यावाकड्या फुटतात, पडदा ओढला जातो, बाळ आंधळं होऊ शकतं. ऑक्सिजनवर असलेल्या कमी दिवसांच्या बाळाचं सॅच्युरेशन ९० ते ९५ मध्ये ठेवायचं. अलार्मची वरची मर्यादाही लावायची, नुसती खालची नाही. आणि तीस दिवसांच्या आत डोळे तपासून घ्यायचे. जास्तीच्या ऑक्सिजनचा आणि ह्या आंधळेपणाचा संबंध डॉक्टरांना १९५० च्या दशकातच कळला होता असंही त्या म्हणाल्या.

मी वहीत ९० ते ९५ लिहिलं आणि पुढचं काही लिहू शकले नाही. त्या बाळाचं ९२ होतं. बरोबर होतं. मी ते बिघडवलं, रात्रभर, दर अर्ध्या तासाने येऊन खात्री करून घेत.

आता कुणी म्हणेल एका रात्रीने काही होत नाही, खूप गोष्टी एकत्र याव्या लागतात, आणि ते वैद्यकीयदृष्ट्या खरंही आहे, मॅडमनीही मला नंतर स्टाफ रूममध्ये बसवून तेच सांगितलं. पण ती मुलगी आज चौदा वर्षांची असेल आणि तिला दिसतं का ते मला माहीत नाही. पुढच्या शिक्षणाबद्दल मला जे काही वाटतं ते ह्या एका जागेवरून वाटतं. लोक विचारतात की अगं सरकारी नोकरी होती, पर्मनंट होतीस, मग दोन-दोन वर्षं घर सोडून कशाला शिकलीस, त्यांना मी हे एवढं सगळं सांगत बसत नाही.

नर्सिंगच्या बाहेरच्या माणसांना आमच्या पायऱ्या माहीत नसतात, ते साहजिकच आहे, त्यांच्यासाठी सगळ्याच सिस्टर. तर सगळ्यात आधी एएनएम, दोन वर्षांचा कोर्स, गावातल्या उपकेंद्रातली आरोग्यसेविका बहुतेक वेळा हीच. मग जीएनएम, म्हणजे जनरल नर्सिंग आणि मिडवाइफरी (सुईणपण), तो माझा. त्याच्या शेजारी चार वर्षांचं बीएस्सी नर्सिंग, बारावी सायन्स करून थेट जाता येतं. जीएनएम झालेल्यांना दोन वर्षांचं पोस्ट बेसिक करून पदवी मिळते. पदवी झाली, ५५ टक्के आहेत आणि किमान एक वर्ष काम केलंय, तर एमएस्सी नर्सिंग, तेही दोन वर्षं, आणि तिथे पाचातली एक शाखा निवडायची: मेडिकल सर्जिकल, बालरोग, स्त्रीरोग आणि प्रसूती, मानसिक आरोग्य, किंवा कम्युनिटी. त्यानंतर पीएचडी. ह्या उभ्या शिडीच्या बाजूला इंडियन नर्सिंग कौन्सिलचे एक-एक वर्षाचे पोस्ट बेसिक डिप्लोमे आहेत, क्रिटिकल केअर, ऑन्कोलॉजी, निओनेटल, ऑपरेशन रूम, सायकियाट्रिक असे बरेच, आणि माझं स्पष्ट मत आहे की आपल्याकडे ह्या डिप्लोम्यांकडे जेवढं लक्ष जायला हवं त्याच्या निम्मंही जात नाही. एमएस्सीच्या नावाला वजन आहे, लग्नाच्या बायोडाटात चांगलं दिसतं. डिप्लोमा म्हटलं की लोकांना खालची पायरी वाटते, पण जिला व्हेंटिलेटरवरच्या पेशंटजवळ उभं राहायचंय तिच्यासाठी ते एक वर्ष फार मोलाचं आहे.

पोस्ट बेसिकला जायचं मी ठरवलं तेव्हा मुलगा पाच वर्षांचा होता. फॉर्म भरायला लावला आमच्या मेट्रन मॅडमनी. मी म्हटलं, मॅडम, घरचं कसं व्हायचं. त्या म्हणाल्या, "तू फॉर्म भर, नंबर लागला की मग घरात बोल, आधीच बोललीस तर फॉर्मच राहील." तसंच केलं. नंबर लागला तेव्हा रात्री जेवताना सांगितलं. हे काही बोललेच नाहीत, ताटात बघत राहिले, ते झेडपीच्या शाळेत, त्यांची बदलीची टांगती तलवार वेगळीच. सासूबाई भाकरी थापत होत्या, त्यांनी तव्यावरची भाकरी उलटली आणि म्हणाल्या, "जा तू. लेकराला मी हाय की." त्या स्वतः चौथी शिकलेल्या. आजही कुणी माझं कौतुक केलं की मला त्या भाकरीवरची त्यांची पाच बोटं आठवतात.

कॉलेज शहरात, हॉस्टेलला एका खोलीत आम्ही चौघी. सगळ्या तिशी ओलांडलेल्या, सगळ्यांची लेकरं घरी. सातला फोन लावायची रांग लागायची, मोबाइल होते पण खोलीत रेंज नव्हती, जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर यायची, म्हणून एकेक जण त्या पायरीवर बसून "होमवर्क केला का, दूध प्यायलास का" करायची आणि मग पदर डोळ्याला लावून वर यायची. बाकीच्या विचारायच्या नाहीत.

इंग्रजीने मात्र फार रडवलं. मी मराठी मीडियमची, जीएनएमला पाठांतरावर निभावलं होतं. इथे बायोकेमिस्ट्री, मायक्रोबायोलॉजी, सायकॉलॉजी, दुसऱ्या वर्षी रिसर्च आणि स्टॅटिस्टिक्स. एक ओळ वाचायची, डोक्यात मराठी करायची, समजली की परत इंग्रजीत लिहून बघायची. पहिल्या टर्मिनलला बायोकेमिस्ट्रीत मी नापास झाले. नऊ वर्षं वॉर्डात काम केलेली बाई, हाताला शीर सापडली नाही असं क्वचितच झालेलं, आणि पेपरवर लाल शाईने अठरा मार्क. मला हे मुद्दाम लिहायचंय कारण माझ्यासारख्या जिल्ह्यातल्या, तालुक्यातल्या कितीतरी सिस्टर निव्वळ इंग्रजीच्या धाकाने फॉर्म भरत नाहीत. अगं, होतं ते. सहा महिने लागतात. आपल्याला शब्द नवीन असतात पण गोष्ट नवीन नसते, आपण ती बेडवर बघितलेली असते, आणि समोरच्या पुस्तकात जे लिहिलंय ते कुठल्या पेशंटला झालं होतं हे आठवलं की शब्द आपोआप बसतो. ॲसिडोसिस, म्हणजे रक्तातलं आम्ल वाढणं, मी पुस्तकातून शिकले नाही, मेडिकल वॉर्डातल्या तीन नंबरच्या कॉटवरच्या शुगरच्या म्हाताऱ्या बाबांच्या श्वासावरून शिकले, पुस्तकाने त्याला नुसतं नाव दिलं.

जीएनएमच्या पहिल्या वर्षाच्या पुस्तकात नर्सिंगच्या इतिहासाचा धडा होता. नाइटिंगेल बाईंना पानंच्या पानं, १८६० साली लंडनला सेंट थॉमसमध्ये शाळा काढली वगैरे. आणि आपल्याकडच्या भागात एक ओळ, १८९१, बाई काशीबाई गणपत, प्रशिक्षणासाठी आलेली पहिली भारतीय नर्स. संपलं. तेव्हा परीक्षेत एका मार्काला यायचं म्हणून पाठ केलं होतं. पोस्ट बेसिकला असताना रात्री अभ्यास नको झाला की मला ही बाई आठवायची. १८९१ साली मुंबईत कुणा परक्याच्या अंगाला हात लावायचं काम शिकायला घराबाहेर पडलेली मराठी नावाची बाई. तिला कुणी "जा तू" म्हटलं असेल का? पुढे मुंबईतच १९६४ मध्ये एसएनडीटीचं लीलाबाई ठाकरसी नर्सिंग कॉलेज निघालं, आणि कितीतरी मराठी सिस्टरांना पदवीचं दार तिथून उघडलं. आमच्या मेट्रन मॅडम त्यातल्याच एक, म्हणून तर त्या फॉर्म भर म्हणाल्या असणार.

परत आले तेव्हा २०१६. नशिबाने पुन्हा एसएनसीयूच मिळालं. आणि ती तीन वर्षं माझ्या नोकरीतली सगळ्यात चांगली. वॉर्ड तोच, वॉर्मर तेच, मावशी त्याच, पण मला वेगळं दिसायला लागलं होतं. बाळ श्वास घ्यायचं थांबलं की पूर्वी मी नुसती घाबरून हाक मारायची, आता तळपायावर टिचकी मारता मारता डोक्यात चालू असायचं की मान वाकलीय का, नाकात दूध आलंय का, अंग गार आहे का, शुगर कधी बघितली होती. राउंडला डॉक्टरांना विचारायला लागले. सुरुवातीला काहींना ते रुचलं नाही, पण नवीन आलेले बालरोगतज्ज्ञ सर चांगले होते, ते म्हणायचे सिस्टर, तुम्हीच सांगा बाळ रात्री कसं होतं. अलार्मची वरची मर्यादा ९५ ला लावायची हे मी प्रत्येक शिफ्टला, प्रत्येक नवीन मुलीला, हाताला धरून शिकवलं. का ते नेहमी सांगितलं. कुणाची गोष्ट आहे ते नाही सांगितलं.

एमएस्सी मी २०१९ ला धरलं, चाइल्ड हेल्थ. पहिलं वर्ष संपत आलं आणि कोविड. जगाने २०२० हे नर्स आणि सुईणींचं वर्ष म्हणून ठरवलं होतं, नाइटिंगेल बाईंची दोनशे वर्षं म्हणून, आणि त्याच वर्षी आम्ही पीपीई किटात घामाने भिजून उभ्या होतो. तो काळ इथे लिहीत नाही, त्याचं वेगळं लिहीन कधीतरी.

डिसर्टेशनचा विषय मी कांगारू मदर केअर घेतला, म्हणजे बाळाला आईच्या उघड्या छातीशी धरून ठेवायचं, तासन्‌तास. ही पद्धत १९७८ मध्ये कोलंबियातल्या बोगोटाला सुरू झाली, इन्क्युबेटर पुरत नव्हते म्हणून. गाइड मॅडमनी विचारलं, ह्यात नवीन काय? मी म्हटलं, मॅडम, सगळे आईला शिकवतात, पण आमच्याकडे आईच्या हातात काय असतं? बाळ कधी घ्यायचं, कधी खाली ठेवायचं हे तिची सासू ठरवते. मला सासूला शिकवून बघायचंय. मॅडम जरा वेळ माझ्याकडे बघत राहिल्या आणि साइनॉप्सिस पुढे पाठवला.

त्यातली एक आजी मी विसरणार नाही. नववारी, कपाळाला मोठं कुंकू, पहिले दोन दिवस नुसती दारात बसून. तिचं म्हणणं, बाळंतिणीला असं उघडं बसवायचं हे चांगलं नाही, वारं लागतं. तिसऱ्या दिवशी सून तापली होती, बाळ घ्यायला कुणी नाही. मी म्हटलं, आजी, तुम्ही घेता का? ती माझ्याकडे बघतच राहिली, म्हणाली "माझ्याजवळ काय हाय आता, दूध न्हाई काई न्हाई." मी म्हटलं, ऊब आहे की. पडदा ओढला, चोळी सैल केली, बाळ उभं छातीवर ठेवलं, बेडकासारखे पाय बाजूला, मान एका कुशीला, वरून तिच्याच जुन्या लुगड्याचा धडपा बांधला. पाचेक मिनिटांत बाळाचा श्वास संथ झाला, मॉनिटरवर तिला मी दाखवला. आजी हलायला तयार नाही. चार तास बसली, चहासुद्धा मागितला नाही. दुसऱ्या दिवशी ती दुसऱ्या एका आजीला सांगत होती की पाय कसे धरायचे.

मी हे सगळं करत होते त्याच काळात, २०२१ मध्ये, जागतिक आरोग्य संघटनेचा एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला, पाच देशांतला, भारतातलं त्यातलं ठिकाण दिल्लीचं सफदरजंग. एक किलो ते १.८ किलोच्या आतल्या बाळांना स्थिर व्हायची वाट न बघता जन्मल्याबरोबर आईजवळ ठेवलं तर मृत्यू २५ टक्क्यांनी कमी होतात असं त्यात निघालं, आणि पुढच्या वर्षी संघटनेने तशी शिफारसच केली. म्हणजे बाळाचा कक्ष आणि आईचा वॉर्ड हे वेगळे असताच कामा नयेत, आईची खाट बाळाच्या कक्षातच हवी. हे वाचलं त्या रात्री मला झोप आली नाही, आनंदाने. मला वाटलं परत जायचं आणि आमच्या एसएनसीयूत कोपऱ्यातल्या स्टोअरची जागा रिकामी करून आयांच्या चार खाटा टाकायच्या, नकाशासुद्धा काढला होता मी, प्रोसिजर बुकाच्या मागच्या पानावर.

परत आले आणि माझी ऑर्डर निघाली ऑर्थोला, हाडांच्या वॉर्डाला.

कुणी मुद्दाम केलं असं नाही. रोटेशन असतं, यादी असते, यादीत माझं नाव जिथे आलं तिथे आलं. मी अर्ज केला की मी बालरोग नर्सिंगमध्ये एमएस्सी आहे, नवजात कक्षात सहा वर्षांचा अनुभव आहे, तिथेच ठेवावं. उत्तर आलं की अधिपरिचारिका, म्हणजे स्टाफ नर्स, हे पद सर्व कक्षांसाठी आहे. आणि ते कागदोपत्री बरोबरच आहे. आमच्याकडे पदं कशी आहेत बघा, अधिपरिचारिका, मग परिसेविका, मग सहाय्यक अधिसेविका, मग अधिसेविका. वर चढाल तसं ड्युटी लिस्ट, इंडेंट, रजा, स्टॉक, साफसफाई, चौकशा. पेशंट लांब जातो. दुसरी वाट पाठ्यनिर्देशिका, म्हणजे नर्सिंग स्कूलला शिकवायला जायचं. एमएस्सी झालेल्या बहुतेक सगळ्या ह्या दुसऱ्या वाटेने जातात, सरकारी असो की खासगी कॉलेज. बाळाजवळ उभी राहणारी, त्यातलं सगळ्यात जास्त शिकलेली, आणि त्यासाठीच ज्येष्ठ मानली जाणारी सिस्टर असं पदच माझ्या बघण्यात नाही. माझ्या पगाराच्या स्लिपवर दोन पदव्यांनी एक रुपया वाढला नाही, त्याचं मला तेवढं वाईट वाटत नाही जेवढं ऑर्थोच्या वॉर्डात ट्रॅक्शनची वजनं लावताना शेजारच्या इमारतीत कुणीतरी मुलगी ९२ बघून नॉब फिरवत असेल ह्याचं वाटायचं. ऑर्थो हलकं काम आहे असं मी म्हणत नाही, त्याचंही वेगळं शिक्षण आहे, हाडांच्या पेशंटला बेडसोअर न होऊ देणं ही मोठी विद्या आहे. पण ती ज्यांनी घेतलीय त्यांना तिथे ठेवा ना.

माझ्या बॅचची एक मैत्रीण इंग्लंडला आहे. ओईटी ही इंग्रजीची परीक्षा दिली, मग तिकडच्या कौन्सिलची कॉम्प्युटरवरची सीबीटी, तिकडे जाऊन ओस्की, म्हणजे प्रात्यक्षिक. बँड पाचवर, म्हणजे पगाराच्या पाचव्या श्रेणीवर लागली, आता सहावर आहे, नवजात विभागातच. तिथे स्पेशालिटी बदलायची असेल तर तिने स्वतः मागायचं, कुणी उचलून दुसरीकडे टाकत नाही असं ती सांगते. त्यांच्याकडे ॲडव्हान्स्ड निओनेटल नर्स प्रॅक्टिशनर असतात, नर्सच, पण पुढचं शिकलेल्या, बाळाला ट्यूब टाकतात, नाळेतून लाइन घालतात, डॉक्टरांच्या रोटात त्यांची ड्युटी लागते. मैत्रीण फोनवर म्हणाली, "अगं, त्या मॅडमची तीस वर्षं झाली नोकरीची आणि अजून रोज बाळाला हात लावतात." हे वाक्य तिने सहज टाकलं, मी मात्र फोन ठेवल्यावर बराच वेळ तशीच बसून होते.

आणि हे काही आकाशातून पडलेलं नाही. अमेरिकेत कोलोरॅडो विद्यापीठात १९६५ साली लोरेटा फोर्ड नावाच्या नर्सने हेन्री सिल्व्हर ह्या बालरोगतज्ज्ञांबरोबर पहिला नर्स प्रॅक्टिशनर कोर्स सुरू केला, तोही लहान मुलांसाठीच, कारण खेड्यापाड्यात मुलांना डॉक्टर मिळत नव्हते. फोर्ड बाई २०२५ च्या जानेवारीत गेल्या, १०४ वर्षांच्या होऊन. खेड्यापाड्यात डॉक्टर मिळत नाहीत हे कारण आपल्याकडे त्यांच्यापेक्षा कितीतरी जास्त आहे. आपल्याकडेही कौन्सिलने नर्स प्रॅक्टिशनर इन क्रिटिकल केअर असा दोन वर्षांचा रेसिडेन्सीचा कोर्स काढलाय, मिडवाइफरीचा दीड वर्षाचा काढलाय, २०२३ मध्ये संसदेने १९४७ च्या नर्सिंग कौन्सिल कायद्याच्या जागी नवीन नर्सिंग आणि मिडवाइफरी आयोगाचा कायदाही केलाय. अभ्यासक्रम आहेत, शिकणाऱ्या आहेत. शिकून आलेलीला उभं राहायला जागा मात्र तयार करायचीय.

वर्षभर ऑर्थोला काढून मी पाठ्यनिर्देशिका झाले. मुलाची दहावी होती, घरी संध्याकाळी असणं गरजेचं होतं, नाइट नको होत्या. आणि शिकवायला मला आवडतं, ते खोटं कशाला बोलू. पण सकाळी वॉर्डाच्या जिन्यावरून स्टार्चच्या ॲप्रनात मुली चढताना दिसल्या की माझे पाय त्या बाजूला वळतात.

मुली विचारतात, मॅडम, पुढे काय करू. मी आधी विचारते, कुठल्या वॉर्डातून घरी जाताना तुझ्या डोक्यात पेशंट येतात? ओटीतून गेल्यावर विसरतेस पण सायकियाट्रीच्या पोस्टिंगमधली ती न बोलणारी बाई आठवते, मग सायकियाट्री बघ, त्या शाखेला मुली फार कमी जातात आणि गरज प्रचंड आहे. मग सांगते की एक-दोन वर्षं बेडसाइड काम केल्याशिवाय एमएस्सीला पळू नकोस, नियमाला एक वर्ष लागतं म्हणून नाही, तर तुझ्याकडे आठवायला पेशंट असले पाहिजेत म्हणून. कॉलेज निवडताना इमारत बघू नकोस, त्यांचं स्वतःचं हॉस्पिटल आहे का, तिथे खरंच पेशंट आहेत का, क्लिनिकलला मुलींना हात लावू देतात का ते तिथल्या सीनियरना गाठून विचार. परदेशी जायचं असेल तर जा, त्यात गद्दारी वगैरे काही नाही, पण तिथे अनुभव आधी बघतात. आणि रजिस्ट्रेशन रिन्यू ठेव बाई, दर पाच वर्षांनी, ऐनवेळी त्याच्यावरून फॉर्म अडकलेल्या मी किती बघितल्यात.

मागच्या आठवड्यात तिसऱ्या वर्षाच्या मुलींना घेऊन एसएनसीयूला गेले होते. एका बाळाजवळ मॉनिटरवर ९८ होतं, ऑक्सिजन चालू. मी काही बोलायच्या आत त्यातली एक बारीकशी मुलगी ड्युटीवरच्या सिस्टरांकडे गेली आणि हळूच म्हणाली, "सिस्टर, ऑक्सिजन कमी करायचा का, वरची मर्यादा ओलांडलीय." सिस्टरनी बघितलं, कमी केला. ९४ वर आलं. मुलगी परत येऊन माझ्या शेजारी उभी राहिली.

निघताना जिन्यात तिने विचारलं, "मॅडम, मला हेच करायचंय. निओनेटलचा डिप्लोमा केला तर इथेच ठेवतील का मला?"

त्या रात्री मी अर्ज लिहायला घेतला. नवजात कक्ष, आयसीयू, ओटी, डायलिसिस ह्या ठिकाणी ज्यांनी त्या विषयाचं शिक्षण किंवा ट्रेनिंग घेतलंय त्यांना रोटेशनमधून वगळावं, आणि विषयातला डिप्लोमा किंवा एमएस्सी असलेल्यांना त्या-त्या कक्षात क्लिनिकल जबाबदारीचं पद द्यावं, एवढ्या दोनच मागण्या. एकोणीस जणींच्या सह्या झाल्यात, त्यात माझ्यानंतर एसएनसीयूला आलेल्या सहा जणी आहेत आणि दोन ब्रदरही आहेत. त्या मुलीचं अजून रजिस्ट्रेशन नाही त्यामुळे तिची सही चालत नाही, पण माझं हस्ताक्षर वाचून अख्खा अर्ज तिनेच मोबाइलवर टाइप करून दिला, तीन पानं, "परिचर्या" हा शब्द दोनदा चुकला होता तोही दुरुस्त करून. सोमवारी आवक-जावकला नेऊन देणार आहे, पोच घेऊन, शिक्क्यासकट.